निवडणुकीनंतरचा हँगर

११ सप्टेंबर १९७४ची सकाळ. चार्ल्सटनहून निघालेले ईस्टर्न एअरलाइन्सचे डीसी-९ विमान अमेरिकेतल्याच शार्लट शहराकडे उतरत होते. जमिनीलगत दाट धुके होते. धावपट्टीच्या काही किलोमीटर अलीकडेच विमान जमिनीवर आदळले आणि ८२ पैकी ७०हून अधिक जणांचा मृत्यू झाला. तपासात यंत्राचा दोष सापडला नाही. कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण ऐकल्यावर जे समजले ते साधे होते. उतरण्याच्या त्या मोलाच्या मिनिटांत दोघे वैमानिक राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत नाना विषयांवर गप्पा मारत होते, आणि विमान किती खाली आले आहे याकडे दोघांचेही लक्ष नव्हते.

अशा काही अपघातांनंतर १९८१ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, एक नियम केला. विमान जमिनीवर धावत असताना, उड्डाण करताना, उतरताना आणि एकूणच दहा हजार फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही. त्याला ‘स्टेराइल कॉकपिट’ म्हणतात. शब्दशः निर्जंतुक कॉकपिट. जंतू म्हणजे इथे अवांतर गप्पा. या नियमाने वैमानिकांच्या राजकारणावर बंदी घातलेली नाही, फक्त त्याची वेळ ठरवून दिली आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर दोघांनी वाटेल त्या पक्षाबद्दल बोलावे.

हा नियम व्यावसायिक विमानसेवांसाठी आहे. छंद म्हणून छोटे विमान उडवणाऱ्यांना तो लागू नाही. चांगले प्रशिक्षक तो शिकवतात आणि शहाणे वैमानिक तो पाळतात, इतकेच. पण अमेरिकेतल्या या हौशी वैमानिकांपुढचा प्रश्न गेल्या काही निवडणुकांत कॉकपिटच्या बाहेर आला आहे. तो हँगरमध्ये आहे, आणि वरवर दिसतो त्यापेक्षा तो आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा अधिक आहे.

हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड, ही झाली शब्दकोशातली व्याख्या. प्रत्यक्षात छोट्या विमानतळावरचा हँगर हा गावातल्या पारासारखा असतो. शनिवारी सकाळी दार सरकवायचे, कॉफीचे भांडे चढवायचे आणि बसायचे. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी दंतवैद्य, कोणी ट्रकचालक. दोनचार जणांनी मिळून एक जुने सेस्ना विकत घेतलेले असते. विमा, दुरुस्ती, इंधन यांचा खर्च वाटून घेतात. कुठल्या तरी विमानतळावर पॅनकेकची न्याहारी आहे असे कळले की तेवढ्यासाठी शंभर मैल उडून जातात. एरवी ज्यांची गाठ पडली नसती अशी माणसे केवळ उडण्याच्या वेडापायी एका बाकावर येतात.

या बाकावर आता निवडणूक येऊन बसली आहे. विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण घ्यावे, कारण हौशी वैमानिकांची पंढरी तिथेच आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा मेळावा दरवर्षी जुलैअखेरीस ऑशकॉश गावी भरतो आणि हजारो विमाने तिथे उतरतात. त्याच विस्कॉन्सिनमध्ये २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांचा निकाल एक टक्क्याहूनही कमी फरकाने लागला. दोनदा ट्रम्प, मधे एकदा बायडेन. म्हणजे तिथल्या एखाद्या बाकावर चौघे बसले तर दोन इकडचे, दोन तिकडचे असणे अगदी शक्य आहे.

मतभेद पूर्वीही होते. बदलली आहे ती त्यांची जात. शांतो अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक जुना प्रश्न तपासला होता : आपल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल का? १९६० मध्ये ‘हो’ म्हणणारे पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश ‘हो’ म्हणाले. आपल्याकडे सोयरीक जुळवताना जे जे पाहिले जाते, त्या यादीत तिकडे आता पक्षही आला म्हणायचा. करांविषयी किंवा विम्याविषयी मत वेगळे असणे आणि समोरचा माणूसच नकोसा वाटणे, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ दुसरीला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

ते शरीरातही उतरते. नेब्रास्का विद्यापीठातील केविन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आठशे अमेरिकनांची पाहणी केली. सुमारे चाळीस टक्के लोकांनी राजकारणामुळे ताण येतो असे सांगितले. दर पाचांतील एकाची झोप उडाली होती आणि तितक्याच जणांच्या मैत्रीत वितुष्ट आले होते. हे झाले लोकांनी स्वतः सांगितलेले. त्यात अतिशयोक्ती असू शकते. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास रुग्णालयांच्या नोंदींवर आधारित आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवा संस्थेच्या लाखो सदस्यांची माहिती त्यात पाहिली होती. २०१६च्या निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा तातडीच्या आजारांनी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण आदल्या आठवड्यातील त्याच दोन दिवसांच्या १.६२ पट होते. कोणी कोणाला मत दिले याची नोंद त्यात नव्हती, त्यामुळे ‘हरलेल्यांना झटके आले’ असे म्हणता येत नाही. निकालाने एवढ्या लोकांची छाती धडधडली, एवढे मात्र म्हणता येते.

आणखी एक अभ्यास २००८च्या निवडणूक रात्रीचा आहे. मतदारांच्या लाळेचे नमुने निकाल लागण्याच्या वेळी घेतले गेले. पडलेल्या उमेदवाराला मत दिलेल्या पुरुषांमधले टेस्टोस्टेरॉन घसरले; ओबामांना मत दिलेल्या पुरुषांचे टिकून राहिले. स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही. स्वतः कुस्ती न खेळता केवळ आपला मल्ल चीत झाला म्हणून बघ्याचेही खांदे पडावेत, तसा हा प्रकार.

आता हा माणूस शनिवारी सकाळी विमानाची चावी घेऊन निघतो.

वैमानिकांना उड्डाणापूर्वी स्वतःची तपासणी करण्यासाठी ‘आय ॲम सेफ’ नावाची एक यादी शिकवतात. या शब्दांतले एकेक अक्षर एकेका प्रश्नासाठी : आजारी आहे का, औषध घेतले आहे का, ताण आहे का, दारू घेतली आहे का, थकलो आहे का, आणि शेवटचे अक्षर भावनेचे. दारूबाबत नियम स्पष्ट आहे. शेवटचा घोट आणि उड्डाण यांच्यात किमान आठ तास हवेत. भावनेसाठी असे घड्याळ नाही. मोटारीने येताना तासभर रेडिओवर निवडणुकीचा वाद ऐकून लालबुंद झालेल्या माणसाची कोणी नळी फुंकून तपासणी करत नाही. त्यातच २०१७ पासून ‘बेसिकमेड’ या व्यवस्थेखाली अनेक हौशी वैमानिकांना एफएएच्या खास डॉक्टरकडे वारंवार जावे लागत नाही; चार वर्षांतून एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडची तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन धडा पुरतो. ही सवलत रास्तच आहे. मात्र तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून खरे उत्तर देण्याची जबाबदारी वैमानिकावरच टाकली आहे, आणि या छंदातल्या अनेकांनी साठी ओलांडलेली आहे.

राग नेमके काय करतो, यावर जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांचे २००१ मधले संशोधन फार बोलके आहे. भीती आणि राग दोन्ही वाईट भावना, म्हणून दोन्हींचा परिणाम सारखाच असेल असे वाटते. तसे निघाले नाही. घाबरलेल्या माणसाला धोका मोठा दिसतो; रागावलेल्याला छोटा. धोक्याचा अंदाज करण्याच्या बाबतीत रागावलेली माणसे चक्क आनंदी माणसांसारखी निघाली : ‘मला काही होत नाही’ या गटात. म्हणजे जिंकलेल्याचा उन्माद आणि हरलेल्याचा संताप, दोन्ही एकाच दिशेला ढकलतात. ढग जरा खाली आहेत, पण जाऊ. टाकीत इंधन बेताचे आहे, पण पुरेल. एफएएच्या प्रशिक्षणात वैमानिकाला घातक ठरणाऱ्या पाच वृत्ती शिकवतात. नियम झुगारणे, उतावीळपणा, आपल्याला काही होणार नाही हा भ्रम, मर्दुमकी दाखवणे आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून हात टेकणे. निवडणुकीनंतरच्या आठवड्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर या पाचही भेटतात.

अमेरिकेत छोट्या विमानांचे दरवर्षी दोनशेच्या आसपास जीवघेणे अपघात होतात. बहुतेकांच्या मुळाशी यंत्रापेक्षा माणसाचा निर्णय असतो. यातले किती राजकारणामुळे झाले, असा हिशेब कोणी मांडू शकणार नाही आणि मांडूही नये. पण निर्णय कशाने बिघडतो हे ठाऊक असताना त्या कारणाला केवळ ‘राजकारण’ म्हणून यादीबाहेर ठेवणे हे शास्त्राला धरून नाही.

इथवरचा धोका एकट्या माणसाचा झाला. दुसरा धोका जास्त खोल आहे, आणि तो माणसांच्या मधल्या जागेत आहे. अमेरिकेतल्या सुमारे पाच हजार सार्वजनिक विमानतळांपैकी जेमतेम पाचशेंवर नियंत्रण मनोरा आहे. बाकी ठिकाणी कोणी ‘उतरा’ किंवा ‘थांबा’ म्हणत नाही. वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ लहरीवर आपण कुठे आहोत ते सांगतो, दुसरा ऐकतो, आणि दोघे आपापले विमान जुळवून घेतात. सगळा कारभार एकमेकांच्या शब्दावर. रेडिओवरच्या शब्दाबाबत कोणी पक्ष पाहत नाही, हे खरेच. पण सुरक्षिततेचा निम्मा भाग रेडिओवर नसतोच. तो बाकावर असतो. ‘परवा उतरताना वाऱ्याने मला असे ढकलले’, ‘त्या धावपट्टीच्या टोकाला हरणे येतात’, ‘तुझ्या इंजिनाचा आवाज वेगळा वाटला’. स्वतःची चूक चारचौघांत सांगायची तर समोरचे लोक ती आपल्याविरुद्ध वापरणार नाहीत याची खात्री लागते. म्हणूनच १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांच्या चुकांचे गोपनीय अहवाल नियम करणाऱ्या एफएएऐवजी नासा गोळा करते. शिक्षा करणाऱ्याच्या हाती कबुली द्यायला माणूस धजत नाही, हे त्या काळीच उमगले होते.

बाकावरच्या अबोल्याचे मोजमाप कोणी केलेले नाही. पण जेवणाच्या टेबलाचे झाले आहे. कीथ चेन आणि राइन रोहला यांनी २०१६च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लाखो मोबाइल फोन कुठे आणि किती वेळ होते ते तपासले. यजमान आणि पाहुणे वेगवेगळ्या पक्षांच्या वस्त्यांतले असतील तिथली जेवणे ३० ते ५० मिनिटे लवकर उरकली. भांडण झाले असे नाही. लोक लवकर उठले, इतकेच. रक्ताच्या नात्यांत हे होत असेल तर शनिवारच्या कॉफीची काय कथा. आणि जो लवकर उठून गेला त्याला ‘तुझ्या डाव्या चाकात हवा कमी दिसते’ हे कोण सांगणार?

यावर बहुतेक फ्लाइंग क्लबांचा आणि बाकांचा उपाय ठरलेला आहे : इथे राजकारण नको. भिंतीवर पाटी लावण्याची गरज नसते. कोणी विषय काढला की दुसरा हवामानाकडे वळवतो. या उपायाला हसू नये. एरिक सँटोरो आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विरुद्ध पक्षांच्या अनोळखी लोकांना व्हिडिओवरून बोलायला लावले होते. काहींना ‘तुमचा आदर्श दिवस कसा असेल’ हा विषय दिला, काहींना मतभेदाचा. आदर्श दिवसावर बोललेल्यांच्या मनातली दुसऱ्या पक्षाविषयीची अढी बरीच कमी झाली. मतभेदावर बोललेल्यांची तशी झाली नाही. हौशी वैमानिकाला त्याचा आदर्श दिवस विचारून पाहावा; तो शनिवारीच तो दिवस जगत असतो. दुर्दैवाने हा परिणाम तीन महिन्यांत ओसरला. एका गप्पेने आयुष्यभराचे काम होत नाही. दर आठवड्याला त्याच बाकावर बसणाऱ्यांचे होत असेल, असा तर्क करता येतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितले होते की भिन्न गटांच्या नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आणि वरच्या अधिकाराचा त्याला पाठिंबा असावा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतात हे दिसले आणि या अटी असतील तिथे अधिक. चौघांच्या मालकीचे एक विमान ही जवळजवळ प्रयोगशाळेत तयार केल्यासारखी परिस्थिती आहे. इंजिन उघडायचे तर चौघांचे पैसे लागतात, आणि एकाने विमान आपटले तर चौघांचेही जाते.

तरीही ‘इथे राजकारण नको’ या उपायाची एक किंमत आहे, आणि ती सगळे सारखी भरत नाहीत. बाकावरच्या बहुसंख्यांचे मत हे त्यांना राजकारण वाटतच नाही. ते ‘साधी गोष्ट’ म्हणून बोलले जाते. टोपीवरची घोषणा, सहज मारलेला विनोद. गप्प बसायचे असते ते अल्पसंख्याने. अमेरिकेतल्या वैमानिकांत स्त्रिया दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, कृष्णवर्णीय त्याहून कमी. ज्याच्या घरातले माणूस एखाद्या धोरणाने थेट भरडले जाणार आहे, त्याला निवडणूक ही चर्चेची करमणूक नसते. ‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ हे वाक्य सत्कार समारंभात टाळ्या घेते. ज्याला मताची किंमत मोजावी लागत नाही, त्याला ते पाळायला सोपेही असते. तेव्हा सहिष्णुतेची अपेक्षा करायची तर आधी जोरात बोलणाऱ्याकडून करावी. हँगरचा मालक, क्लबचा अध्यक्ष, ज्येष्ठ प्रशिक्षक यांनी स्वतःच्या पक्षाच्या माणसाला थोपवले तरच बाकीच्यांना ती जागा आपली वाटते. ऑलपोर्टची चौथी अट हीच.

शिवाय या छंदातून राजकारण बाहेर काढताच येत नाही. राष्ट्राध्यक्ष जिथे मुक्कामाला असतो तिथल्या सुमारे तीस सागरी मैलांच्या परिघात छोट्या विमानांवर कडक निर्बंध येतात. बुश टेक्सासच्या क्रॉफर्डला गेले की तिथे, ट्रम्प फ्लोरिडाला गेले की तिथे, बायडेन डेलावेअरला गेले की तिथे. आपणच निवडून दिलेल्या माणसामुळे आपलेच विमान शनिवार-रविवार जमिनीला खिळावे, हा अनुभव दोन्ही पक्षांच्या वैमानिकांनी घेतला आहे. वर उल्लेख आलेली वैद्यकीय सवलतही राजकारणातूनच आली. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर जिम इनहॉफ आणि वेस्ट व्हर्जिनियाचे तेव्हाचे डेमोक्रॅट जो मँचिन या दोघांनी तिच्यासाठी विधेयक रेटले. दोघेही वैमानिक. हवामान बदलापासून किती तरी गोष्टींवर इनहॉफ आणि डेमोक्रॅटांचे विळ्याभोपळ्याचे नाते होते. जुलै २०१६ मध्ये ओबामांनी त्यावर सही केली आणि पुढच्या वर्षी, ट्रम्प यांच्या काळात, ती अमलात आली.

हे उदाहरण गोड आहे, कारण त्यात सगळ्या वैमानिकांचा फायदा एकच होता. खरी परीक्षा शिशाच्या प्रश्नावर आहे. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे कधीच गेले. छोट्या विमानांच्या बहुतांश इंधनात ते अजून आहे. शिशाची मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. कॅलिफोर्नियातील रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आढळल्याचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि जानेवारी २०२२ पासून तिथल्या काउंटीने शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा विमानांतून निघणारे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोकादायक असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. दुसरी बाजूही खोटी नाही. काही इंजिनांना बिनशिशाचे इंधन मानवते का, हा प्रश्न हवेत असलेल्या माणसाच्या जिवाचा आहे, आणि काही विमानतळविरोधकांना शिशापेक्षा विमानतळाची जमीन जास्त हवी आहे, अशी वैमानिकांची शंका आहे.

इथे हवामानाकडे विषय वळवून भागत नाही. कुंपणापलीकडच्या घरातल्या मुलाच्या रक्तात काय जाते, हे बाकावर बसलेल्यांनी बोललेच पाहिजे, आणि ‘हा तुमच्या पक्षाचा अजेंडा’ एवढे म्हणून सुटताही येत नाही. मे २०२४ मध्ये हवाई वाहतुकीचा मोठा कायदा प्रतिनिधी सभेत ३८७ विरुद्ध २६ आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, तोही निवडणुकीच्या वर्षात. जिथे शिसेयुक्त इंधन मिळत होते तिथे ते २०३० अखेरपर्यंत किंवा योग्य पर्याय उपलब्ध होईपर्यंत मिळत राहावे, अशी तरतूद त्यात आहे. तोवर चौघांच्या मालकीच्या त्या सेस्नात कुठले इंधन भरायचे, परवाना बदलायचा खर्च कोणी उचलायचा आणि टाकीच्या सीलवर परिणाम झाला तर काय, हे चौघांना मिळून ठरवायचे आहे. विमानात टाक्या दोन असल्या तरी एकीत एकाचे आणि दुसरीत दुसऱ्याचे मत भरता येत नाही.